नव्वद किलोंचे स्पीकर आणि माझी खोली

स्पीकर विकणाऱ्या त्या दालनात मला सर्वांत आधी ऐकवले गेले ते डबल बासचे, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातल्या सर्वांत मोठ्या वाद्याचे, एकल वादन. या वाद्याचा सर्वांत खालचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा, असतो. वादकाने गज बाजूला ठेवून तो बोटाने छेडला, आणि एखादी वस्तू समोर आणून ठेवावी तसा तो सूर खोलीत उभा राहिला. त्यात तारेचा ताण होता, लाकडाच्या पोकळीचा गाभा होता, आणि सूर विरत जाताना बोट तारेवरून निसटल्याची बारीकशी घसटही होती. त्यानंतर लागलेल्या तानपुऱ्याची जवारी इतकी सुटी सुटी ऐकू आली की माझ्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. समोरचे स्पीकर दीड मीटर उंच होते, एकेकाचे वजन नव्वद किलो होते, आणि त्या जोडीची किंमत माझ्या घरच्या जुन्या जोडीच्या पस्तीसपट होती.

निवृत्तीनंतर हाती येणाऱ्या रकमेतील काही भाग संगीतासाठी राखून ठेवायचा, हे मी फार पूर्वीच ठरवले होते, त्यामुळे पैशांची तयारी होती. तरीही मी त्या दिवशी होकार दिला नाही. आयुष्याची तीस वर्षे मी भौतिकशास्त्र शिकवले आहे, आणि एखाद्या गोष्टीने भारावून गेल्यावर तिची परीक्षा तत्काळ करू नये, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आले होते. विक्रेत्यांनीही समजूतदारपणा दाखवला. अनामत रक्कम घेऊन त्यांनी ती जोडी तीन आठवड्यांसाठी माझ्या घरी ठेवण्याचे मान्य केले. या तीन आठवड्यांत आणि त्यानंतर जे घडले ते मी वहीत रोजच्या रोज टिपून ठेवले होते. हे लेखन त्या वहीवरच आधारलेले आहे.

पहिल्या संध्याकाळी मी तेच डबल बासचे वादन लावले आणि मला धक्का बसला. खालचा प्रत्येक सूर फुगून येत होता, एक सूर संपण्याआधीच दुसऱ्यावर सांडत होता, आणि डग्ग्यावरची मींड तर एका विशिष्ट जागी पोचली की जणू कोणीतरी पिंपावर थाप मारावी तशी घुमत होती. माझे वीस वर्षांपूर्वीचे छोटे स्पीकर जोडून पाहिले, तर डबल बासचा खर्ज त्यांत फारसा नव्हताच, पण जे होते ते स्वच्छ होते. पस्तीसपट किमतीचे स्पीकर माझ्या खोलीत जुन्यांपेक्षा वाईट वाजत होते, आणि मी रात्री उशिरापर्यंत त्यांच्याकडे पाहत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी जोडणीसाठी आलेल्या तंत्रज्ञाला मी ही अडचण सांगितली. त्याने दोन उपाय सुचवले. पहिला म्हणजे स्पीकर तीनशे तास वाजू द्यावेत, म्हणजे ते ‘मोकळे होतील’. आणि दुसरा म्हणजे त्यांना शोभेल अशी केबल घ्यावी, जिची किंमत माझ्या जुन्या स्पीकरांहून जास्त होती. या दोन्ही गोष्टींचा मला आजही राग आहे. रोज सहा तास वाजवले तरी तीनशे तास भरायला पन्नास दिवस लागतात आणि मला मिळालेली मुदत एकवीस दिवसांची होती. शिवाय खोलीकडे एकदाही न पाहता केबलचा सल्ला देणे म्हणजे रोग्याची नाडी न पाहता औषध लिहून देणे होय. (स्पीकर मोकळे होण्याची गोष्ट मी पुढे तपासूनही पाहिली. मोजमापाच्या पहिल्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी मायक्रोफोन त्याच जागी ठेवून घेतलेल्या आलेखांतला फरक, एकच मापन लागोपाठ दोनदा घेतल्यावर पडणाऱ्या फरकाहून मोठा नव्हता.)

खरे कारण वर्गात अनेकदा फळ्यावर लिहिलेल्या सूत्रात होते. दोन समांतर भिंतींमध्ये ध्वनी मागेपुढे आपटत राहतो, आणि ज्या लहरीची अर्धी लांबी भिंतींमधल्या अंतराइतकी असते तिचा स्थिर तरंग तयार होतो. माझी खोली ४.६ मीटर लांब, ३.४ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर लांबीच्या दिशेचा पहिला स्थिर तरंग ३७ हर्ट्झच्या आसपास येतो, रुंदीचा ५० च्या आणि उंचीचा ५९ च्या. भिंतीलगत या तरंगांचा दाब सर्वांत जास्त असतो, आणि माझी बसायची खुर्ची गेली कित्येक वर्षे मागच्या भिंतीला टेकलेली होती. जुने स्पीकर ६० हर्ट्झच्या खाली क्षीण होत गेल्यामुळे ते या तरंगांना जागेच करत नव्हते. नवे स्पीकर २५ हर्ट्झपर्यंत सहज उतरत होते आणि खोलीत निजलेले सगळे काही उठवत होते. म्हणजे ज्या गुणासाठी त्यांची किंमत मोजायची, तोच गुण माझ्या खोलीत दोष होऊन बसला होता. इतकी वर्षे हे सूत्र शिकवूनही मी ते स्वतःच्या बैठकीला कधी लावून पाहिले नव्हते, याची मला मनापासून खंत वाटली.

येथून पुढे कामाला शिस्त आली. माझा भाचा मदतीला आला. संगीताची त्याला आवड आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याला कंटाळा येत नाही. मोजमापासाठी आम्ही एक साधा, अंशांकन केलेला मायक्रोफोन घेतला आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही मोफत मिळणारी प्रणाली संगणकावर घातली. ती २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक सूर स्पीकरमधून वाजवते आणि मायक्रोफोनला काय ऐकू आले त्याचा आलेख काढते. मागच्या भिंतीशी घेतलेल्या पहिल्याच आलेखात ३७ हर्ट्झच्या जागी आजूबाजूच्या पातळीपेक्षा १३ डेसिबलचा डोंगर उभा होता. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट मोठी वाटते, हे लक्षात घेतले म्हणजे डग्ग्याची ती मींड एकाच जागी का घुमत होती ते कळते.

खुर्ची आम्ही भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सव्वा मीटरला थोडी कमी, पुढे आणली. त्या जागी पहिल्या तरंगाचा दाब काहीसा उतरतो आणि दुसऱ्याचा, म्हणजे ७४ हर्ट्झच्या आसपासच्या तरंगाचा, जवळपास शून्य होतो. स्पीकरही समोरच्या भिंतीपासून तितकेच पुढे ओढले. त्यांच्या तळाला वाहतुकीसाठी चाके बसवलेली होती, म्हणून हे शक्य झाले. १३ डेसिबलचा डोंगर ७ वर आला. उरलेला ॲम्प्लिफायरमधल्या इक्वलायझरने, म्हणजे हव्या त्या पट्ट्यातला आवाज कमीजास्त करणाऱ्या सोयीने, कापला. डोंगर असा कापता येतो. मात्र जेथे दोन लहरी एकमेकींना मारून टाकतात तेथली दरी कितीही शक्ती ओतली तरी भरत नाही, आणि अशा दरीतून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे खुर्ची हलवणे एवढाच असतो.

मग आरशाचे काम केले. भाच्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा आणि मी खुर्चीत बसून पाहायचे. आरशात जेथे स्पीकर दिसतो तेथूनच ध्वनीचा पहिला परावर्तित झोत कानाशी येतो. त्या जागांवर आम्ही खनिज लोकरीचे दहा सेंटिमीटर जाडीचे फलक लावले. माणसाच्या आवाजाची जागा त्यानंतर अधिक निश्चित झाली. मात्र खर्जावर या फलकांचा काहीही परिणाम होत नाही, कारण ३७ हर्ट्झच्या लहरीची लांबी नऊ मीटरांहून अधिक असते आणि तिच्यापुढे दहा सेंटिमीटर म्हणजे कागदासारखेच. बाजारात मिळणारे पातळ फोमचे तुकडे भिंतींना चिकटवून खोली ‘साउंडप्रूफ’ केल्याचे समाधान अनेकजण मानतात. त्याने आवाजातली चमक तेवढी मरते आणि घुमणे तसेच राहते.

पहिला आठवडा यात गेला. त्यानंतर वाजलेले डबल बास ऐकताना दालनातल्या त्या अनुभवाची पुष्कळशी आठवण आली, आणि मग मूळ प्रश्नाकडे वळता आले: हे सगळे केल्यावर या जोडीत असे काय आहे, जे बऱ्याच कमी किमतीत मिळत नाही?

तुलनेसाठी एका स्नेह्यांकडून एक मधल्या किमतीची जोडी उसनी आणली. महागड्या जोडीच्या आठव्या हिश्शाच्या किमतीची, उभ्या बांधणीची, साध्या दिसण्याची. ती निवडण्यामागे कारण होते. स्पीकर कसा वाजेल याचा अंदाज मोजमापांवरून बांधता येतो का, यावर फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हरमन या कंपनीत अनेक वर्षे काम केले. त्यांच्या चाचण्यांत श्रोत्यांना स्पीकर दिसत नसत. ज्या स्पीकरचा समोरचा प्रतिसाद सपाट असतो आणि बाजूंना जाणारा ध्वनीही त्याच चालीने, खडबडीतपणा न येता, हळूहळू उतरत जातो, तोच बहुतेकांना आवडतो असे त्यांतून दिसून आले. त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांची पसंती वर्तवणारे एक गणिती प्रारूप मांडले, आणि वर्तवलेली व प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ इतका आला (१ म्हणजे तंतोतंत जुळणी). त्या प्रारूपात वारंवारता प्रतिसादाचा सपाटपणा, त्याचा गुळगुळीतपणा आणि खर्ज किती खोल जातो या गोष्टी आहेत; किंमत नाही. उसन्या आणलेल्या जोडीची मोजमापे या कसोटीवर उत्तम होती.

आता पडद्याचे काम. टूल आणि ऑलिव्ह यांनीच १९९४ मध्ये ४० श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा डोळ्यांदेखत आणि एकदा पडद्याआड ऐकवले होते, आणि दोन्ही वेळच्या गुणांत लक्षणीय फरक पडला होता. स्पीकर दिसत असताना त्याचा आकार, बनावट आणि नाव यांचे वजन कानांवर पडते. मी स्वतः याला अपवाद असेन असे मानायचे मला कारण नव्हते. आम्ही समोर छतापासून जमिनीपर्यंत पातळ, आवाज आरपार जाऊ देणारे कापड टांगले आणि त्याच्या अलीकडे व पलीकडे मायक्रोफोन ठेवून ते आवाज खात नाही याची खात्री केली. प्रत्येक जोडीतला एकेकच स्पीकर घेऊन दोघे शेजारी शेजारी उभे केले, कारण एकच स्पीकर ऐकताना दोष अधिक उघडे पडतात. दोन वाजले की त्यांच्यामधल्या पसाऱ्यात कान गुंततो. दोघांची पातळी मधल्या पट्ट्यात, ५०० ते २००० हर्ट्झच्या दरम्यान, अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवली. हे टाळले तर सगळी चाचणी वाया जाते, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर नेहमीच ‘अधिक जिवंत’ वाटतो. निम्म्या फेऱ्यांनंतर दोघांच्या जागा बदलायच्या, म्हणजे जागेचा फायदा एकालाच मिळणार नाही, असेही ठरले. कोणता स्पीकर केव्हा लागेल ते भाचा नाणे उडवून ठरवत असे आणि मला दिसणार नाही अशा ठिकाणी लिहून ठेवत असे.

सोळा फेऱ्या ठरवल्या होत्या. सोळांपैकी बारा वेळा अचूक ओळखले तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता सुमारे चार टक्के उरते, म्हणून बारा ही सीमा. महागडा आणि माझा जुना स्पीकर यांतला फरक मी सोळाही वेळा ओळखला. त्यात विशेष काही नाही. महागडा आणि मधला यांतला फरक पंधरा वेळा ओळखला, आणि वहीत जवळजवळ प्रत्येक फेरीपुढे मी एकच कारण लिहिले होते: खर्ज. तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, खर्ज काढून टाकून बघूया का?” आम्ही दोन्ही स्पीकरांना ८० हर्ट्झच्या खालचे काही पाठवायचेच नाही अशी व्यवस्था केली आणि पुन्हा सोळा फेऱ्या घेतल्या.

या वेळीही मी चौदा वेळा ओळखले. पण ‘यातला सरस कोणता’ या रकान्यात महागड्या स्पीकरला नऊ आणि मधल्याला सात मते पडली होती, आणि ती मते देणारी मीच होते. फरक कळणे आणि सरस वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या संध्याकाळी नीट समजले. महागड्या स्पीकरचा आवाज वरच्या पट्टीत किंचित उजळ होता. तानपुऱ्याला तो उजाळा शोभत होता, पण स्त्रीच्या आवाजातल्या ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांना तो टोचत होता. दोन चांगल्या गायकांत निवड करावी तशी ही निवड होती. त्यात आठपट असे काही नव्हते.

भाच्याची शंका वेगळी होती. इतक्या घाईच्या अदलाबदलीत कानाला निवांतपणा मिळत नाही, खरा गुण दीर्घ सहवासातच कळतो, असे अनेक रसिक म्हणतात, आणि त्यात तथ्य असू शकेल असे त्याला वाटत होते. व्हायोलिनांच्या बाबतीतही हाच आक्षेप घेतला गेला होता. क्लॉडिया फ्रित्झ या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे २१ वादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून त्यांना जुनी व नवी व्हायोलिने वाजवायला दिली, तेव्हा सर्वांत कमी पसंती मिळालेले वाद्य स्ट्राडिव्हारी या जुन्या, जगप्रसिद्ध कारागिराचे निघाले. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर थोड्या वेळात वाद्य कळत नाही अशी तक्रार झाली. म्हणून आम्ही दुसऱ्या आठवड्यात रीत बदलली. पडद्यामागे पूर्ण जोडी उभी करायची, संपूर्ण संध्याकाळ तीच वाजवायची, कोणती ते मला सांगायचे नाही, आणि मी रात्री झोपण्यापूर्वी एक पान लिहायचे. अशा आठ संध्याकाळी झाल्या. खर्ज न कापता पूर्ण वाजवलेल्या संध्याकाळी माझ्या पानांवर ‘खोल’, ‘भरीव’ हे शब्द आले आणि ते महागड्याच जोडीच्या वाट्याचे होते. ८० हर्ट्झच्या खाली कापलेल्या संध्याकाळींची पाने मात्र मी आजही वाचते तेव्हा कोणते पान कोणत्या जोडीचे ते मला सांगता येत नाही.

एक चाचणी राहिली होती, आणि महागड्या जोडीच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा तिनेच दिला. मी एरवी ऐकते त्यापेक्षा खूप मोठ्या आवाजात, मोठ्या वाद्यवृंदाचा सगळ्यांत चढा भाग, त्यात मोठा ढोल, असे काही मिनिटे ऐकले. मधल्या जोडीत ढोल पडला की त्याच क्षणी व्हायोलिनांवर एक धुरकट थर यायचा, आणि ढोलाच्या आवाजातला घाव जाऊन नुसता फुगारा उरायचा. महागडी जोडी मात्र एखाद्या तयारीच्या गायकाने तारसप्तकात सहज जावे तशी, श्रम न दिसता, वाजत राहिली. मायक्रोफोननेही दुजोरा दिला: ४० हर्ट्झच्या मोठ्या सुरावर तिची विकृती, म्हणजे मूळ सुरात नसलेली भेसळ, दोन टक्क्यांच्या आसपास होती आणि मधल्या जोडीची दहाच्या वर गेली होती.

यामागचे कारण निव्वळ यांत्रिक आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या वेटोळ्याने शंकूला ढकलण्याची जी रचना मांडली, तीच रचना आजही बहुतेक स्पीकरांत आहे. ॲम्प्लिफायरमधले इलेक्ट्रॉनिक भाग स्वस्त होत गेले आणि त्यांची विकृती नगण्य झाली. शंकूला मात्र आजही हवाच ढकलावी लागते. तितकाच मोठा आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते, नाहीतर शंकूचे क्षेत्रफळ वाढवावे लागते. हॉफमन यांचा लोहनियम म्हणून ओळखली जाणारी गोष्ट हीच सांगते की लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तिघांपैकी दोनच एका वेळी मिळतात. म्हणून खोल, मोठा आणि स्वच्छ खर्ज हवा असेल तर मोठी पेटी, मोठे चुंबक आणि खर्ज वाजवणारे अनेक शंकू, म्हणजे वूफर, लागतात. त्या पैशांबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार उरलेल्या पैशांबद्दलही नाही, पण ते कशाचे आहेत ते स्पष्ट असावे असे मला वाटते. महागड्या पेटीच्या भिंतीवर वाजत असताना तळहात ठेवला तर ती खडकासारखी स्थिर लागत असे. मधल्या पेटीत बारीकशी थरथर जाणवे, पण पडद्याआड ती थरथर मला ऐकू आलेली नाही. पेटीवरचे लाकडी आवरण आणि एकावर एक दिलेले, घासून पुन्हा दिलेले लाखेचे थर यांत कारागिरांचे दिवसचे दिवस गेलेले होते, आणि मी त्या लाकडावरून कितीतरी वेळा हात फिरवला. वर्षाला मोजक्याच जोड्या तयार होत असल्यामुळे संशोधनाचा खर्चही त्या मोजक्याच जोड्यांवर वाटला जातो. हे सगळे खरे आहे. पण यातले पुष्कळसे डोळ्यांसाठी आणि हातांसाठी आहे.

ट्वीटरची गोष्ट तर मला स्वतःशी जोडून पाहावी लागली. या जोडीचे ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारे छोटे घुमट, बेरिलियमचे होते. तो धातू हलका आणि अतिशय ताठ असल्यामुळे घुमटाची स्वतःची झणझण ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या बरीच वर ढकलली जाते. माहितीपत्रकात ४० किलोहर्ट्झपर्यंतचा प्रतिसाद छापलेला होता. माणसाचा कान तरुणपणी जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झच्या आसपास ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. मी कानांची तपासणी करून घेतली आणि घरीही एकेक सूर लावून पाहिला. ११ किलोहर्ट्झच्या वरचे मला काही ऐकू येत नाही. ज्या दिवशी हे कळले त्या दिवशी वाईट वाटले, हे मी लपवणार नाही. जवारी ऐकून दालनात डोळे भरून आले होते, ती जवारी माझ्यापर्यंत याच कानांनी पोचली होती, हे नंतर ध्यानात आले तेव्हा मन थोडे शांत झाले.

एकविसाव्या दिवशी मी जोडी परत पाठवली. त्यानंतर मधल्या जोडीचीच नवी प्रत घेतली, आणि तिच्या जोडीला दोन सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारे वेगळे स्पीकर. दोन घेण्याचे कारण हरमनमध्येच टॉड वेल्टी यांनी केलेल्या कामात आहे: खोलीत एकाहून अधिक सबवूफर योग्य जागी ठेवले तर खर्ज जागोजागी सारखा होतो. आम्ही एक सबवूफर समोरच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवला. लांबीच्या पहिल्या स्थिर तरंगात या दोन टोकांचे दाब एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे दोघे एकाच वेळी सारखे वाजले की तो तरंग उभाच राहत नाही. शिवाय भिंतीचा मध्य हा रुंदीच्या पहिल्या तरंगाच्या शून्याची जागा असल्यामुळे ५० हर्ट्झचा तरंगही फारसा उठत नाही. ज्या ३७ हर्ट्झच्या डोंगराने मला पहिल्या रात्री जागे ठेवले होते त्याची जागा आता आलेखात शोधावी लागते. स्पीकर, सबवूफर, फलक आणि मायक्रोफोन मिळून खर्च त्या महागड्या जोडीच्या पाचव्या हिश्शाइतका आला. माझ्या खोलीत, मी ऐकते त्या पातळीवर, हा संच त्या जोडीहून चांगला वाजतो असे मी आज निःसंकोच म्हणेन. मोठ्या दिवाणखान्यात, दूर बसून, मोठ्या आवाजात वाद्यवृंद ऐकणाऱ्या माणसाला मात्र मी हे सांगणार नाही, कारण त्या श्रम न दिसणाऱ्या ढोलाला माझ्याकडे अजूनही पुरते उत्तर नाही.

जोडी परत देताना मी विक्रेत्यांना सगळी वही दाखवली होती. महिन्याभराने त्यांचा फोन आला. त्यांनी विचारले, “बाई, आमचं दालनही एकदा मोजून द्याल का?” मी मायक्रोफोन घेऊन गेले. ते दालन ७.४ मीटर लांब आणि ५.२ मीटर रुंद आहे, आणि लांबीचा पहिला स्थिर तरंग तेथे २३ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे डबल बासच्या सर्वांत खालच्या सुराच्याही बराच खाली येतो. त्याच जोडीचा आलेख खर्जात जवळजवळ सरळ आला. मला त्याचे कारण केवळ लांबीत सापडेना, तेव्हा त्यांनी मागच्या भिंतीवरचे कापड एका कोपऱ्यातून उचलून दाखवले. त्यामागे भिंतीच्या संपूर्ण रुंदीत, अर्धा मीटर खोल, ध्वनिशोषक लोकर भरलेली होती. पहिल्या दिवशी मी त्या भिंतीकडे पाठ करून बसले होते.

त्यांनी पुन्हा ते डबल बासचे वादन लावले. मी डोळे मिटून ऐकले. सूर तसाच समोर येऊन उभा राहिला, आणि बोट तारेवरून निसटल्याची घसटही तशीच ऐकू आली. वादन संपल्यावर मी त्यांना विचारले की हे दालन तयार करायला किती खर्च आला होता. त्यांनी सांगितलेला आकडा त्या जोडीच्या निम्म्या किमतीहून थोडा जास्त होता, आणि तो मी वहीत आलेखाखाली लिहून घेतला.